पदर ओढावा की नाडी आवळावी? फेसलिफ्टच्या एका निर्णयाचं प्रकरण

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कराडकडच्या एका गावातून ५८ वर्षांच्या बाई मुलीला घेऊन पुण्यात माझ्याकडे, म्हणजे प्लास्टिक सर्जनकडे, आल्या. घरचं साड्यांचं दुकान, गल्ल्यावर त्या स्वतः बसतात. फेब्रुवारीत धाकट्या मुलाचं लग्न होतं. जावेनं मुंबईला जाऊन चेहऱ्यात गाल वर ओढून धरणारे धागे घालून घेतले होते. तेच आपल्याला हवेत आणि लग्नाच्या आत हवेत, एवढं ठरवूनच त्या आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची हरकत नाही.)

खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी दोन्ही तळवे कानांपुढे टेकवले, गाल मागे-वर ओढले आणि म्हणाल्या, "एवढंच करून द्या." हे मी आठवड्यातून तीन-चारदा तरी बघतो. अडचण अशी की तळव्यानं ओढली जाते ती फक्त कातडी, आणि या वयात बिघाड बहुतेक वेळा कातडीच्या खाली असतो.

मुलगी पुण्यातच आयटीत नोकरीला. तिनं मोबाइल पुढे केला. "डॉक्टर, तुम्ही डीप प्लेन करता का? की साधंच?" डीप प्लेन ही फेसलिफ्टची, म्हणजे ओघळलेला चेहरा शस्त्रक्रियेनं उचलण्याची, एक पद्धत. आई धागे मागतेय आणि लेक डीप प्लेन. दोघींच्या प्रश्नांच्या मधे जे काही येतं, त्यावरच पुढचा पाऊण तास गेला.

आधी दीड वर्षात एका क्लिनिकमध्ये दोनदा हायफू झालं होतं, दर वेळी ४५,००० रुपये. यात ध्वनिलहरी त्वचेखाली ठरावीक खोलीवर, दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटरवर एकवटतात आणि तिथला बारीकसा ठिपका ६० अंश सेल्सियसच्या वर तापवतात. तो ठिपका भरून येताना कोलॅजन आकसतं आणि दोन-तीन महिन्यांत थोडं नवं तयार होतं. "पहिले पंधरा दिवस घट्ट वाटलं, मग होतं तसंच," बाई म्हणाल्या. पंधरा दिवसांचं ते घट्टपण म्हणजे सूज. हायफू फसवं आहे असं मी म्हणणार नाही. चाळिशीच्या आसपास, जबड्याची रेघ नुकती कुठे मोडायला लागली असेल, तर त्याचा उपयोग होतो. या बाईंच्या बाबतीत ते चुकीच्या चेहऱ्यावर झालं होतं, तेही दोनदा.

मुळात चेहऱ्याला काही करावंसं का वाटलं, हे मी प्रत्येकाला विचारतो आणि उत्तर ऐकून काही जणांना परत पाठवतो. यांचं उत्तर साधं होतं. "गिऱ्हाईक विचारतं, वहिनी बरं नाही का? रागावलाय का? मी कुठं रागावलेय!" ओठांचे कोपरे खाली वळले की माणूस काही न बोलताही चिडलेला दिसतो. तरुण दिसायचंय असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. यजमान बाहेर बाकावर बसले होते. आत येऊन त्यांनी एकच विचारलं, "जिवाला धोका नाही ना?" आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले. घरी मात्र "आता परत बोहल्यावर चढायचंय का?" असं म्हणून झालं होतं, हे मुलीनं नंतर सांगितलं.

तपासणी. रंग सावळा, गालांवर वांग, कपाळावर आणि भुवयांच्या मधे आठ्या. कानशिलं खोलगट. गालाचा वरचा भाग सपाट झालेला, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना मांसल लोळे, त्यामुळे अंडाकृती चेहरा चौकोनी झालेला. "ई" म्हणायला सांगितलं तेव्हा गळ्यावर दोन उभ्या दोऱ्या ताणून उभ्या राहिल्या. कानाच्या पाळीचं भोक जड कुड्यांनी ओघळून चिरेसारखं झालं होतं. रक्तदाबाची गोळी चालू. तिशीतला फोटो आणायला सांगितलं होतं, तर त्यांनी मोठ्या मुलाच्या बारशाचा आणला. त्यात गाल भरलेले होते आणि आजचा भार जबड्यावर होता. एवढ्या एका फोटोनं निम्मं निदान होतं.

मग मी त्यांना हातात आरसा देऊन उताणं झोपवलं. झोपलं की गाल आपल्या वजनानं कानांकडे सरकतात. त्या बघतच राहिल्या. मग बसवून पुढे वाकायला लावलं आणि पुन्हा आरसा धरला. "अगं बाई!" म्हणून त्यांनी तो झटकन पालथा घातला. ही खेळी थोडी निर्दय आहे, पण उपयोगाची आहे. झोपल्यावर जो फरक आवडतो तो साधारणपणे शस्त्रक्रियेनं मिळण्यासारखा असतो. झोपूनही जे जात नाही, म्हणजे ओठांभोवतीच्या बारीक रेषा, वांग, कानशिलांचे खळगे, ते नुसत्या उचलण्यानं जाणार नाही.

चेहरा वयानं उतरतो तो एका थरात नाही. हाडं झिजतात, डोळ्यांची खोबण रुंदावते, जबडा आखडतो, म्हणजे आतला सांगाडाच लहान होतो. चरबीचे वेगवेगळे कप्पे असतात, त्यातले काही आटतात आणि काही घसरतात. पाळी गेल्यावर कातडीतलं कोलॅजन पहिल्या काही वर्षांत झपाट्यानं घटतं. या सगळ्याच्या मधे, कातडी-चरबीच्या खाली आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वर, एक चिवट पापुद्रा असतो. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं आणि त्याला नाव मिळालं स्मास. गळ्यात तोच पापुद्रा पातळ स्नायू होऊन उतरतो. म्हातारपणी सैल पडतो तो मुख्यतः हा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फेसलिफ्ट होत होत्या, पण पहिली काही दशकं डॉक्टर फक्त कातडी कापून ओढत. चेहरा वाऱ्यात उभं राहिल्यासारखा ताणलेला दिसे आणि थोड्याच काळात पुन्हा उतरे, कारण कातडी ताणाखाली सैल होतेच.

हे मी कागदावर रेघोट्या मारून सांगत होतो. बाईंनी मधेच थांबवलं.

"म्हणजे परकराची नाडी सैल झालीय, आणि मी पदर ओढत बसलेय."

गेली कित्येक वर्षं मी पेशंटना गादी, तंबू, उशीचा अभ्रा असलं काहीबाही सांगत आलोय. यापेक्षा नेमकं मला सुचलं नव्हतं. नाडी ढिली असली तर निऱ्या घसरणारच, पदराला कितीही पिना लावा.

या हिशेबानं एकेक पर्याय त्यांनी स्वतःच तपासला. धागे पीडीओचे असतात, म्हणजे शस्त्रक्रियेत टाक्यांना वापरतात त्याच विरघळणाऱ्या पदार्थाचे. अंगावर बारीक काटे असतात, सुईनं कातडीखाली सरकवून ओढून घेतात. धागा सुमारे सहा महिन्यांत विरघळतो, त्याभोवती तयार झालेला व्रणाचा तंतू थोडा काळ आधार देतो. "पिनच की ही," बाई म्हणाल्या. खरंच पिन. हलक्या चेहऱ्याला, थोड्याशा ओघळीला ती पुरते. यांच्या लोळ्यांच्या वजनाखाली ती वर्षभरही टिकली नसती, आणि ओढलेल्या जागी कानाजवळ सुरकुत्या पडल्या असत्या त्या वेगळ्याच.

फिलर म्हणजे हायलुरॉनिक आम्लाची जेल. आटलेल्या जागी भर घालायला उत्तम, नको वाटली तर एका एन्झाइमच्या इंजेक्शननं विरघळवताही येते. पण ओघळलेला गाल वर उचलण्यासाठी भर घालत गेलं की चेहरा सुजट होतो. हल्ली हे नमुने लग्नकार्यात ओळखू यायला लागलेत. शिवाय जेल चुकून धमनीत गेली तर त्या भागाची कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. पार्लरमध्ये फिलर करून घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

बोटॉक्सचा थर वेगळाच, तो स्नायूंचा. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. तीन-चार दिवसांत असर सुरू, दोन आठवड्यांत पूर्ण, तीन-चार महिन्यांत ओसरला. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला २००२ साली मान्यता मिळाली, आणि त्या आठ्यांसाठी ते आजही सर्वांत खात्रीचं आहे. ओघळ मात्र त्यानं उचलली जात नाही. रंग सावळा आणि त्यात वांग, म्हणून कातडी सोलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसरला मी सरळ नाही म्हणालो. भाजल्या जागी आपल्या कातडीवर काळे डाग उमटतात आणि मग सुरकुतीपेक्षा डागच जास्त छळतो. गोऱ्या कातडीवरचे व्हिडिओ बघून लेसर मागायला येणाऱ्यांशी माझे यावरून वाद होतात.

उरली शस्त्रक्रिया. आता लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं. डीप प्लेन म्हणजे स्मास आणि कातडी वेगळी न करता एकत्रच, खालचे बंध सोडवून उचलायची. १९९० साली हॅम्रा या अमेरिकी शल्यविशारदानं ही पद्धत मांडली, म्हणजे मोबाइलवर भासते तितकी नवी नाही. अमेरिकेत जुळ्या बहिणींच्या दोन जोड्यांवर चार शल्यविशारदांनी चार वेगळ्या पद्धतींनी फेसलिफ्ट केली आणि दहा वर्षांनी फोटो शेजारी ठेवून पाहिले. एकही पद्धत ठळकपणे वरचढ ठरली नाही. चारच चेहरे, त्यामुळे त्यावर इमला बांधू नये. पण डॉक्टर निवडताना पद्धतीच्या नावापेक्षा त्याची प्लास्टिक सर्जरीची पदवी आणि वर्षभरानंतरचे फोटो मागावेत, असं मी तिला सांगितलं. माझेही दाखवले, त्यात एक फारसा चांगला न झालेलाही होता.

तर निदान फेसलिफ्ट. आणि लग्नाच्या आत नाही. दोन-तीन आठवडे चेहरा बाहेर काढण्यासारखा नसतो, पुरता बसायला दोन-तीन महिने लागतात. फेब्रुवारीतल्या लग्नासाठी डिसेंबरात फेसलिफ्ट म्हणजे हळदीला सुजलेली वरमाय. बाई हिरमुसल्या, पण व्यापारी माणूस, तारखेचं गणित लगेच कळलं. लग्नासाठी एवढंच ठरलं: महिनाभर आधी भुवयांमध्ये बोटॉक्सचा हलका डोस, वांगावर मलम, आणि दुकानाच्या काचेतून दिवसभर येणाऱ्या उन्हासाठी गल्ल्यावर बसतानाही सनस्क्रीन. "दुकानात बसायला क्रीम?" याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत हसू येत राहिलं.

शस्त्रक्रियेचा मुहूर्त त्यांनीच काढला. चैत्र-वैशाख लगीनसराई, गल्ला सोडता येत नाही. आषाढात गिऱ्हाईक नाही. म्हणजे आषाढ.

इथपर्यंत मला सगळं सुरळीत वाटत होतं. माझ्या फॉर्मवर 'तंबाखू / धूम्रपान' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. निघताना भूलतज्ज्ञ बाईंनी सहज हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "मिश्री लावता का?"

"ती होय. सकाळची. आणि दुपारी जेवल्यावर. तंबाखू नाही ओ खात मी. मिश्री नुसती दात घासायला. त्याशिवाय पोट साफ होत नाही."

भाजलेल्या तंबाखूची पूड दिवसातून दोनदा हिरड्यांवर चोळायची, आणि तंबाखू खात नाही! बाई खोटं बोलत नव्हत्या. माझा प्रश्नच चुकीच्या भाषेत होता. फेसलिफ्टमध्ये हे पथ्याच्या यादीतलं एक कलम म्हणून सोडून देता येत नाही. उचललेल्या कातडीला रक्त येतं ते फक्त तिच्या पुढच्या कडेकडून, आणि निकोटिननं त्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. सर्वांत लांबचा टप्पा कानामागचा, तिथली कातडी काळी पडून मरते आणि जखम महिनोन् महिने रेंगाळते. सिगारेट ओढणाऱ्यांत हा धोका कितीतरी पट असल्याचं १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. निकोटिन धुरातून आलं की हिरडीतून, रक्तवाहिनीला फरक पडत नाही. चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, ही माझी अट. निकोटिनचं च्युइंगमही नाही, कारण त्यातही तेच.

त्यांनी शिमग्याला सोडते म्हणून सांगितलं. जूनच्या अखेरीस, शस्त्रक्रियेच्या दहा दिवस आधी, लघवीतल्या कोटिनिनची तपासणी केली. ते निकोटिनपासून शरीरात तयार होतं आणि काही दिवस लघवीत सापडतं. तपासणी ठळक पॉझिटिव्ह आली. फोन लेकीनं उचलला, पण मागून आवाज आला, "एकादशीपासून नाही लावणार म्हणावं." मी तारीख रद्द केली. शस्त्रक्रियागृहाची आगाऊ रक्कम, भूलतज्ज्ञांचा मोडलेला दिवस, दुकानातला निवांत आषाढ, सगळ्यांचंच नुकसान. यजमान पहिल्यांदाच चिडले, तेही माझ्यावर: "एवढ्याशा मिश्रीसाठी?" मी ऐकून घेतलं. आजही तीच परिस्थिती आली तर तसंच करीन.

खरा अडसर पोटाचा होता. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, आणि मिश्रीच्या डबीत भाजलेली बडीशेप. डबी तीच, हे त्यांचं डोकं. इसबगोलचा दुसराही फायदा होता: शस्त्रक्रियेनंतर शौचाला कुंथलं की रक्तदाब उसळतो आणि चेहऱ्यात रक्त साचू शकतं. जुलैच्या शेवटी कोटिनिन निगेटिव्ह आलं.

शस्त्रक्रिया पावणेपाच तास चालली. चीर कानशिलाच्या केसांतून उतरते, कानापुढच्या छोट्या उंचवट्याच्या आतल्या कडेनं जाते, पाळीला वळसा घालून कानामागून केसांत शिरते. अंबाडा घालणाऱ्या बाईला कानामागची रेघ लपवता येत नाही, म्हणून ती नेहमीपेक्षा वर, कानाच्या खाचेतच ठेवली. स्मास सोडवून वर उचलून पक्का टाचला, हनुवटीखालच्या छोट्या छेदातून गळ्याच्या दोऱ्या मधोमध शिवल्या. कातडी वरून नुसती पसरली, ताण न देता. जादा होती तेवढीच कापली. ओटीपोटाची थोडी चरबी काढून गालांत आणि कानशिलांत भरली, त्यातली बरीचशी शोषली जाणार हे धरूनच. पाळ्यांची भोकंही बुजवली.

रात्री साडेनऊला नर्सचा फोन आला. उजवा गाल डाव्यापेक्षा फुगलेला, दुखतोय, रक्तदाब १७२. मी पोचलो तेव्हा ड्रेसिंगखाली गाल टणक लागत होता. हेमॅटोमा, म्हणजे कातडीखाली साचलेलं रक्त. फेसलिफ्टमधली सर्वांत नेहमीची गुंतागुंत हीच, आणि बहुधा पहिल्या चोवीस तासांत. परत शस्त्रक्रियागृहात नेलं, रक्त काढलं, झिरपणारी छोटी शीर जाळली. कारण शोधताना कळलं की लघवी तुंबली होती आणि "रात्रीचं कुणाला उठवायचं" म्हणून त्या दोन तास गप्प होत्या. त्या दिवसाची रक्तदाबाची गोळीही उशिरा दिली गेली होती. ही चूक आमची. आता ती वेळ भूल उतरल्यानंतरच्या कागदावर लाल शाईत असते.

उजवी बाजू त्यामुळे महिनाभर मागे राहिली. निळं, मग हिरवट, मग पिवळं. आरसा मागून घेऊन त्या रोज रंग सांगायच्या, साडीचे रंग सांगावेत तसे: आज मोरपंखी, आज लिंबू. गौरी-गणपतीला उजव्या जबड्याखाली थोडी सूज होती, पदरानं झाकली गेली. कान चार महिने बधिर होते. "कुडीचं भोक पाडताना कान दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटला," म्हणाल्या. कानाची संवेदना नेणारा मज्जातंतू अगदी वाटेतच असतो. त्यांची संवेदना हळूहळू परत आली, पण उजव्या पाळीचं टोक अजून थोडं सुन्न आहे.

खर्च तीन लाख वीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,७७,६००. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची करमाफी नाही आणि विमाही मिळत नाही. त्यात मोडलेली तारीख आणि आधीचे हायफूचे नव्वद हजार धरा. लेकीनं हा हिशेब माझ्यापुढेच आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "दुकानाचा एक दिवाळीचा माल."

वर्षानंतर जबड्याची रेघ आणि गळा माझ्या अपेक्षेइतके चांगले होते. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी फार कमी झाली नव्हती, ते आधीच सांगितलं होतं. कानशिलांतली चरबी डावीकडे चांगली टिकली, उजवीकडे कमी. वांग मलमानं फिकं होतं, उन्हाळ्यात परत गडद होतं. चेहरा उतरणं थांबलेलं नाही. साधारण आठ-दहा वर्षं मागे नेलं आणि तिथून ते पुन्हा सुरू आहे. गिऱ्हाईक आता काय म्हणतं, असं मी विचारलं. "गावाला गेला होतात का, म्हणतात." मला याहून चांगली पावती नको होती.

त्या दिवशी बाई एकट्या आल्या नव्हत्या. बरोबर मुंबईच्या धाग्यांची जाऊबाई होती, वय ५५. धागे विरघळून गेले होते, आता पुन्हा घालावेत का हे विचारायचं होतं. मी आरसा तिच्या हातात दिला आणि उताणं झोपायला सांगितलं. बाई शेजारी उभ्या राहून तिला परकराची नाडी समजावत होत्या, माझ्यापेक्षा बऱ्या.

मी तोवर फॉर्म चाळला. तंबाखूचा तो रकाना मी गेल्या वर्षी बदलून घेतलाय: मिश्री, मशेरी, तपकीर, गुल, सगळं नावानिशी, पुढे चौकटी. जाऊबाईंनी पहिल्याच चौकटीत खूण केली होती.